ग्रीक वचनाभ्यास: सुरुवातीला एवढंच करा

जय ख्रिस्त! नवा करार मूळ ग्रीकमधून वाचायची तुमची ओढ पाहून फार बरं वाटलं. व्याकरणाचं जाडजूड पुस्तक इतक्यात घेऊ नका. आधी २४ अक्षरं गिरवा. शाळेत संस्कृतची रूपं पाठ केली असतील, तर पुढे विभक्त्या जड जाणार नाहीत.

दोन चुका मात्र हमखास होतात:

- शब्दकोशातल्या पाच अर्थांपैकी आवडेल तो उचलणं. अर्थ वाक्यावरून ठरतो.
- ‘अगापे (प्रेमासाठीचा ग्रीक शब्द) म्हणजे फक्त देवाचं प्रेम’ असं धरून चालणं. योहान ३:१९ काढा. माणसांना अंधार प्रिय वाटला, तिथेही त्याच शब्दाचं क्रियापद, ‘अगापाओ’, आहे! मग ३:३५ आणि ५:२० शेजारी ठेवा. पिता पुत्रावर प्रीती करतो, हे एकदा ‘अगापाओ’नं सांगितलंय, एकदा ‘फिलेओ’नं. हे स्वतः पडताळून पाहाच.

स्ट्राँगचे क्रमांक (बायबलमधल्या प्रत्येक मूळ शब्दाला स्ट्राँगच्या शब्दसूचीत दिलेला आकडा) शब्द शोधण्यापुरते उत्तम. काळ, धातुसाधितं, पाठभेद सगळं नंतर.

पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल मिळालं तर जरूर सोबत वाचा. आपल्याच पुणे जिल्ह्यात, केडगावला झालेलं हे काम आहे. येत्या रविवारी एकच वचन घ्या, अख्खा अध्याय नको.