एचओ स्केलमध्ये बॉक्सएन वाघीण हुबेहूब कशी बनवायची? अमेरिकन डबा रंगवून चालेल का?

तुमच्याकडे कोळशाचा एक अमेरिकन एचओ डबा आहे, म्हणजे खऱ्या डब्याच्या सुमारे सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचं मॉडेल. तो तांबडा रंगवून वर आपला क्रमांक टाकला तर बॉक्सएन, म्हणजे भारतीय रेल्वेची कोळसा वाहणारी उघडी वाघीण, होईल का, आणि नाही झाली तर घरी सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय. मी गेली काही वर्षं फक्त बॉक्सएनच बनवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रंगवून होणार नाही. अमेरिकेतल्या कोळशाच्या मोठ्या डब्यांची लांबी सहसा १५ मीटरच्या वर असते. आपली बॉक्सएन एका टोकाच्या कपलरपासून (डबे जोडणाऱ्या आकड्यापासून) दुसऱ्या टोकाच्या कपलरपर्यंत १०.७१३ मीटर. ती आखूड आहे ती मुद्दाम. स्टेशनातल्या लूप लाइनची, म्हणजे गाडी बाजूला उभी करायच्या रुळाची, लांबी ठरलेली, त्यात मावेल तेवढीच मालगाडी. मग गाडीची लांबी न वाढवता माल वाढवायचा तर डबा आखूड आणि उंच करायचा, हा त्यामागचा विचार. त्याआधीची बॉक्स वाघीण तीनेक मीटरनं लांब होती, तरी बॉक्सएनमध्ये माल जास्त मावतो: सुमारे ५८.८ टन. हा आखूड, भरीव बांधा हीच बॉक्सएनची ओळख. ५८-५९ वाघिणींची गाडी फाटकावरून जाताना जो एकसारखा ठेका ऐकू येतो तोही त्या आखूडपणातूनच येतो. माझं लहानपण वर्ध्याजवळ गेलं, बल्लारशाकडून येणाऱ्या कोळशाच्या गाड्या मोजत. त्यामुळे लांब डब्यावर बॉक्सएनचा क्रमांक दिसला की मला तो लगेच खटकतो, रंग कितीही चांगला असला तरी.

अमेरिकन डब्यातली एक गोष्ट मात्र कामाची आहे, कपलर. आपल्या मालगाड्यांचा मधला कपलर, म्हणजे सीबीसी, मुळात अमेरिकन धाटणीचाच. त्यामुळे केडी कंपनीचे मॉडेल कपलर बॉक्सएनला शोभतात. पाच नंबरचा जरा मोठा दिसतो, ५८ नंबरचं डोकं मापात आहे. मी तोच लावतो.

आता मापं. एचओ म्हणजे १:८७.१. बॉक्सएनची मूळ मापं आणि कंसात मॉडेलची, दोन्ही मिलिमीटरमध्ये: कपलरसकट लांबी १०७१३ (१२३), नुसत्या डब्याची लांबी ९७८४ (११२.३), बाहेरची रुंदी ३२०० (३६.७), रुळापासून उंची ३२२५ (३७), आतली रुंदी २९५०, आतली उंची १९५० (२२.४), दोन बोग्यांच्या मध्यांमधलं अंतर ६५२४ (७४.९). बोगी म्हणजे इथे प्रवासी डबा नव्हे, खालची चार चाकांची गाडी. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी आहे हे लक्षात ठेवा. समोरून पाहिलं तर बॉक्सएन चौकोनी दिसली पाहिजे.

त्या मापांतून एक छान गोष्ट निघते. बाहेरची रुंदी ३२००, आतली २९५०, म्हणजे प्रत्येक बाजूला १२५ मिलिमीटर. त्यात पत्रा आला आणि पत्र्याला बाहेरून आधार देणारे उभे खांबही आले. मॉडेलमध्ये हे १.४ मिलिमीटर होतं. ०.५ मिलिमीटरची स्टायरीन (प्लॅस्टिकची) शीट घेतली तर खांबाला ०.९ उरतात. मी सुरुवातीला हा हिशेब न करता हाताशी असलेल्या जाड पट्ट्या चिकटवल्या होत्या आणि वाघीण लठ्ठ दिसत होती. कशामुळे, ते कळायला बरेच दिवस गेले.

पण कात्री हातात घेण्याआधी एक काम करा, आणि माझ्या दृष्टीनं या सगळ्या उत्तरात हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. नुसती ‘बॉक्सएन’ बनवायला घेऊ नका. एक वाघीण निवडा. एक क्रमांक, एक दिवस. बॉक्सएन नावाखाली बऱ्याच जाती आहेत: वेगासाठी वेगळ्या बोग्या लावलेली बॉक्सएनएचएस, जुन्या डब्याची डागडुजी करून झालेली बॉक्सएनआर, स्टेनलेस स्टीलची हलकी बॉक्सएनएचएल. एचएल तर कपलरपासून कपलरपर्यंत १०.९६३ मीटर भरते, म्हणजे मॉडेलमध्ये जवळजवळ तीन मिलिमीटर जास्त. तीन फोटो समोर ठेवून त्यांची सरासरी काढलीत तर अशी वाघीण होईल जी कुठल्याच रुळावर कधी धावली नाही. माझी पहिली तशीच झाली होती. दारं एका फोटोतली, बोगी दुसऱ्यातली, अक्षरं तिसऱ्यातली.

फोटो कुठून काढायचे? एक बाजूनं, फाटकावर गेटच्या बाहेर उभं राहून. एक वरून, रेल्वेवरच्या उड्डाणपुलाच्या फुटपाथवरून. वरून काढलेला फोटो फार मोलाचा, कारण डब्याची आतली बाजू दुसरीकडून दिसतच नाही. आत गंज कसा चढलाय, कोपऱ्यात कोळशाचा चुरा कसा राहिलाय, भिंती कशा फुगल्यात, हे तिथेच कळतं. यार्डात किंवा रुळांवर अजिबात उतरू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि जिवाला धोका आहे तो वेगळाच.

फोटोवरून खांब मोजा, दारं मोजा, कुठला खांब कुठल्या दारापाशी येतो ते कागदावर मांडा. एक माप माहीत असलं की बाकीची प्रमाणावरून काढता येतात. एका बोगीच्या दोन अॅक्सलमधलं २००० मिलिमीटरचं अंतर यासाठी उत्तम, कारण बाजूच्या फोटोत ते स्वच्छ दिसतं.

मग बोगी. बॉक्सएनखाली कॅस्नब असते: दोन बाजूंच्या ओतीव चौकटी, मध्ये आडवी बोल्स्टर, आणि चौकटीच्या खिडकीत स्प्रिंगांचा जुडगा. दिसायला ती अमेरिकन तीन तुकड्यांच्या बोगीच्या कुळातली, म्हणून बरेच जण तीच लावून मोकळे होतात. पण मापं पाहा. कॅस्नबच्या दोन अॅक्सलमधलं अंतर मॉडेलमध्ये २३ मिलिमीटर हवं. अमेरिकन १०० टनी बोगीचं ५ फूट १० इंच असतं, म्हणजे २०.४. आपलं नवं चाक १००० मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे ११.५, अमेरिकन ३६ इंची चाक १०.५ भरतं. अडीच मिलिमीटर वाचायला किरकोळ वाटतात, पण आखूड डब्याखाली बोगी आखूड झाली की सगळा तोलच बिघडतो. युरोपियन वाय-२५ बोगी तर दिसायलाच वेगळी, आणि अंतरही १८०० मिलिमीटरचं. मी कॅस्नबच्या चौकटी रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून घेतो आणि त्यात पितळी बेअरिंग बसवतो, कारण नुसत्या रेझिनमध्ये अॅक्सलचं टोक फिरत राहिलं की भोक मोठं होतं. चाकं युरोपियन ११ मिलिमीटरची. चालत्या वाघिणीचं चाक झिजलेलंच असतं, त्यामुळे अर्धा मिलिमीटर मला चालतो.

आता गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. एचओमध्ये तो १९.२ व्हायला हवा, आणि बाजारातला एचओ रूळ १६.५ चा. रुळाशी इमान राखायचं तर स्केल १:१०१.६ घ्यावं लागेल. मग कपलरपासून इंजिनापर्यंत बाजारातलं काहीच मापात बसणार नाही. स्केलशी इमान राखायचं तर रूळ आणि सांधे हातानं बनवावे लागतील. इंग्लंडमधले ओओ स्केलवाले कित्येक दशकं १:७६ चे डबे याच १६.५ च्या रुळावर चालवत आलेत. तिथे ज्यांना ते खटकलं ते १८.८३ चे रूळ हातानं टाकतात, आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. मी १६.५ वरच राहिलो. फक्त बोगीच्या बाहेरच्या चौकटी खऱ्या रुंदीवर ठेवतो आणि चाकं आत सरकवतो. बाजूनं पाहिलं तर काही कळत नाही, समोरून कळतं. पहिल्या वाघिणीसाठी तुम्हीही हेच करा, असं मी सांगेन.

डबा बनवताना माझा सगळ्यात मोठा पराभव भिंतींनी केला. शीटच्या एकाच बाजूला खांब चिकटवले, प्लॅस्टिक जोडायचं पातळ सिमेंट सढळ हातानं लावलं, आणि पंधरा दिवसांत दोन्ही भिंती आतल्या बाजूला वळल्या. एका बाजूला द्रव जिरला की वाळताना ती बाजू आक्रसते आणि शीट वाकते. आता मी एका खांबाला एकच थेंब देतो, एक खांब डावीकडचा की पुढचा उजवीकडचा, आणि भिंत दोन काचांमध्ये वजनाखाली दोन दिवस ठेवतो. डब्याच्या तळाला दोन थर असतील तर मधल्या पोकळीला खालून भोक पाडा. बंद पोकळीत अडकलेली वाफ महिन्याभरानं तळ वाकवते. खऱ्या बॉक्सएनच्या भिंती उलट बाहेर फुगलेल्या असतात, यंत्रानं भरताना बसलेल्या मारामुळे. तो फुगवटा हवा असेल तर दोन खांबांमधल्या पत्र्यावर आतून गरम चमच्याची पाठ अगदी हलके टेका. आधी रद्दी तुकड्यावर हात बसवा.

वजनाचा नियम अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनचा घ्या: एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. आपल्या वाघिणीला साधारण ९१ ग्रॅम येतात. भरलेली दाखवायची असेल तर सोपं, वजन कोळशाखाली दडतं. रिकामी दाखवायची तर तळाखाली लोखंडी पट्ट्या बसवाव्या लागतात आणि जागा फार कमी मिळते.

तळाखालच्या ब्रेकच्या सामानात किती खोल जायचं ते तुम्ही ठरवा. सिलिंडर, हवेची टाकी, बाजूचं हँडब्रेकचं चाक आणि वाघीण रिकामी की भरलेली त्याप्रमाणे ब्रेक बदलायचा दांडा, एवढं बाजूनं दिसतं, एवढं करा. वाघिणीच्या दोन्ही टोकांना लोंबणारी ब्रेकची नळी विसरू नका. ती नसली की वाघीण खेळण्यासारखी दिसते.

रंगाला रेड ऑक्साइडचा प्रायमर हाच पाया. मग चकचकीत लॅकर, त्यावर अक्षरं, त्यावर मॅट लॅकर. अक्षरं पांढरी आणि घरचा प्रिंटर पांढरं छापत नाही, ही मोठी अडचण. टी-शर्टवर छापणाऱ्यांकडे कधीकधी पांढऱ्या टोनरचा प्रिंटर असतो, तिथे डिकल पेपर (अक्षरं छापून मॉडेलवर चिकटवायचा कागद) घेऊन जा.

क्रमांकाबद्दल मात्र मी हट्टी आहे. वाघिणीचा क्रमांक अकरा आकड्यांचा. पहिले दोन प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे (मध्य रेल्वे ०१, पश्चिम रेल्वे ०८), पुढचे दोन बांधणीच्या वर्षाचे, मग चार वाघिणीचे स्वतःचे आणि शेवटचा पडताळ्याचा. पडताळा असा: पहिल्या दहा आकड्यांतल्या सम स्थानांवरच्या आकड्यांची बेरीज करून तिला ३ नं गुणा, त्यात विषम स्थानांवरच्यांची बेरीज मिळवा, आणि पुढच्या दहाच्या पटीला पोहोचायला जेवढे कमी पडतात तो अकरावा आकडा. हिशेबापुरता मनानं घेतलेला क्रमांक पाहा: २२ ०१ ९५ १२३४. सम स्थानांची बेरीज १४, तिप्पट ४२, विषम स्थानांची १५, एकूण ५७, म्हणून अकरावा ३. माझ्या एका फोटोत क्रमांकातला एक आकडा कोळशाच्या काजळीखाली गेला होता. याच हिशेबानं उलट जाऊन तो सापडला, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही इतका आनंद झाला. मनानं आकडे टाकू नका, एवढंच मागणं आहे. पीओएच म्हणजे मोठ्या दुरुस्तीची तारीख आणि कारखान्याचं नावही फोटोतूनच घ्या, कारण तुमची वाघीण कुठल्या काळात उभी आहे ते त्यावरून ठरतं. बऱ्याचदा ही अक्षरं ताज्या रंगाच्या चौकोनावर असतात आणि आजूबाजूचा डबा जुना, विटलेला. तो चौकोन जरूर दाखवा.

जुनेपणासाठी महागड्या पावडरी मी घेत नाही. गेरू वस्त्रगाळ करून कोरड्या ब्रशनं लावतो, त्यात थोडी चुलीची राख आणि कोळशाची भुकटी. खालच्या भागात धूळ, आतल्या बाजूला गंज, वरच्या कडेवर घासून उघडा पडलेला धातू, तिथे पेन्सिलीचं शिसं. बॉक्सएन वीज केंद्रात टिपलरवर उलटी करून रिकामी करतात, म्हणून वरची कड नेहमी मार खाल्लेली असते. कोळसा मी खराच वापरतो. कापडात गुंडाळून हातोडीनं फोडायचा, चहाच्या गाळणीतून चाळायचा, फेव्हिकॉलमध्ये पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून थेंबाथेंबानं मुरवायचा. खाली थर्माकोलचा उतार ठेवा, नाहीतर सगळा कोळसा सपाट दिसतो.

पुण्याला गेलात तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय बघून या. त्यांचा भर चालत्या गाड्यांच्या देखाव्यावर आहे, पण छोटी गाडी माणसाला किती वेळ धरून ठेवते ते तिथे दिसतं.

तुमचा अमेरिकन डबा फेकू नका आणि रंगवूही नका. त्याच्यावर कपलरची उंची पडताळून घ्या आणि आधी तोच रुळावर चालवून रूळ नीट बसलाय का ते बघा. या रविवारी उड्डाणपुलावर जा, सकाळी, ऊन तिरकं असताना. एका वाघिणीचा बाजूचा आणि वरचा असे दोन्ही फोटो मिळाले की इथे टाका, खांब आणि दारं आपण दोघं मिळून मोजू.