टॅप का तुटतो?

प्रश्न : फिटर ट्रेडच्या प्रॅक्टिकलमध्ये एम ८ चे (८ मिमी व्यासाच्या बोल्टचे) आटे पाडताना टॅप, म्हणजे भोकात आटे कापायचे हत्यार, वारंवार तुटतो. काय चुकत असेल?

उत्तर : आधी भोक तपासा. एम ८ ची पिच (दोन आट्यांमधले अंतर) १.२५ मिमी, ती ८ मधून वजा केली की सुमारे ६.८, म्हणून ड्रिल ६.८ मिमीचे हवे, ६.५ चे वापरले तर टॅपवर नको इतका ताण येतो. भोकाच्या तोंडाला चॅम्फर (तिरका उतार) द्या. संचातला पहिला टॅप दोन फेरे बसला की टॅप रेंच (टॅप फिरवायचा दांडा) काढून गुण्या (काटकोन तपासायचे साधन) दोन बाजूंनी लावा. कल सुधारायचा तो इथेच. पुढे जोर लावून सरळ करायला गेलात तर टॅप तुटणारच. पोलादावर कटिंग ऑइल घाला. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस (कापलेल्या धातूचे तुकडे) तुटतो. आरपार नसलेले भोक आट्यांपेक्षा खोल ठेवा. हाताला जड लागले की थांबा, टॅप उलटा फिरवून कीस काढा.