प्रोबेशनवरील ट्रान्स स्त्रीची तक्रार कोणी ऐकायची?

प्रश्न : मी २३ वर्षांची ट्रान्स स्त्री आहे. बी.कॉम.नंतर दोन महिन्यांपूर्वी पुण्यातील एका खासगी कंपनीत लेखा विभागात कनिष्ठ सहायक म्हणून रुजू झाले. प्रोबेशन सहा महिन्यांचे आहे. शस्त्रक्रियेनंतर जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेल्या प्रमाणपत्रावर, आधारवर आणि पॅनवर ‘स्त्री’ अशीच नोंद आहे. माझ्याबरोबर लागलेल्या मुलाला व्हाउचर आणि जीएसटीचे काम शिकवले जाते. माझ्या वाट्याला चारचा चहा, झेरॉक्स आणि वाढदिवसाचे केक येतात. महिला स्वच्छतागृहाची चावी मात्र मला देत नाहीत. एक वरिष्ठ सहकारी माझ्या शरीराविषयी आणि शस्त्रक्रियेविषयी सर्वांसमक्ष अश्लील प्रश्न विचारतात. एचआरकडे गेले तेव्हा, ‘लैंगिक छळाच्या तक्रारींची समिती खऱ्या महिलांसाठी आहे, आणि तुम्ही अजून प्रोबेशनवर आहात,’ असे उत्तर मिळाले. मी काय करावे?

उत्तर : चहाचा ट्रे कोणाच्या हाती द्यायचा हे ठरवताना तुम्ही स्त्री आहात याविषयी या कार्यालयाला कोणतीही शंका नसते, चावीचा किंवा तक्रारीचा विषय निघाला की मात्र तीच शंका पुढे केली जाते. तुमच्या प्रकरणाचा गाभा हा आहे, आणि तुमचा अर्ज याच विसंगतीपासून सुरू झाला पाहिजे.

एचआरच्या उत्तरातील प्रोबेशनचा भाग सरळ चुकीचा आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कर्मचाऱ्याची जी व्याख्या आहे, तिच्यात परिविक्षाधीन (म्हणजे प्रोबेशनवरील) व्यक्ती आणि प्रशिक्षणार्थी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तुमच्या शरीराविषयीचे प्रश्न हे याच कायद्यातील ‘लैंगिक स्वरूपाचे शेरे’ आहेत आणि त्यांची चौकशी करणे हे अंतर्गत तक्रार समितीचे, म्हणजे एचआरने उल्लेख केलेल्या त्याच समितीचे, कर्तव्य आहे.

‘खऱ्या महिला’ या शब्दांना अधिक काळजीपूर्वक उत्तर द्यावे लागेल, कारण २०१३ च्या कायद्यात ट्रान्स स्त्रियांचा नामोल्लेख नाही आणि कंपनीचे वकील नेमक्या याच मौनाचा आधार घेतील. तुमच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा १५ एप्रिल २०१४ चा, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नालसा) याचिकेवरील निकाल आहे. लिंगओळख हा व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा भाग असल्याचे त्यात मान्य झाले. जानेवारी २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे एका ट्रान्स स्त्रीचा महिलांसाठी राखीव प्रभागातील उमेदवारी अर्ज फेटाळला गेला होता, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला. मार्च २०२३ मध्ये त्याच उच्च न्यायालयाने शस्त्रक्रियेनंतर स्त्री झालेल्या व्यक्तीला कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली दाद मागता येते असे ठरवले. हा शेवटचा निकाल वेगळ्या कायद्याखालचा असून त्याला पुढे सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, म्हणून केवळ त्यावर भिस्त ठेवू नका. तरीही प्रमाणपत्रावर शासनाने ‘स्त्री’ असे लिहिले असताना कार्यालयाने त्यावर स्वतःचा निवाडा करावा, याला मला कोणताही कायदेशीर आधार दिसत नाही.

चहा आणि झेरॉक्सविषयी मात्र तुम्हाला स्पष्ट सांगितले पाहिजे. चहा द्यायला लावणे अपमानकारक असले, तरी तेवढ्यावरून तो लैंगिक छळ ठरत नाही, आणि समितीपुढे हाच मुद्दा पुढे केला तर मूळ तक्रार दुबळी होईल. त्याची जागा दुसऱ्या अर्जात आहे. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१९ च्या कायद्याचे कलम ९ नोकरीतील भेदभावास मनाई करते, आणि ते खासगी आस्थापनांनाही लागू आहे. कलम ११ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेत एक तक्रार अधिकारी नेमलेला असावा लागतो, आणि २०२० च्या नियमांनुसार त्याने पंधरा दिवसांत चौकशी करायची असते. असा अधिकारीच नेमला नसेल तर अर्ज थेट कंपनीप्रमुखांना द्या आणि ती उणीव त्यातच नोंदवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये जेन कौशिक या ट्रान्स शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या अंमलबजावणीतील अनास्थेवर कठोर शब्दांत बोट ठेवले आणि त्यांना नुकसानभरपाई दिली. त्या निकालाचा उल्लेख अवश्य करा.

भेदभाव सिद्ध होतो तो तुलनेतून, म्हणून आजपासून एक वही ठेवा. ‘मला नेहमी चहा करायला लावतात’ या वाक्यापेक्षा ‘मंगळवारी दुपारी चार वाजता, बँक ताळमेळ शिकवायला सुरुवात होत असताना, मला उठवून चहा आणायला पाठवले, परत आले तेव्हा सहकाऱ्याला शिकवून झाले होते,’ ही नोंद कितीतरी अधिक वजनदार ठरते. वरिष्ठांचे शब्द जसेच्या तसे लिहा, ते कितीही किळसवाणे असले तरी, आणि त्या वेळी कोण उपस्थित होते तेही लिहा. ‘लेखा कामाचे प्रशिक्षण मला केव्हा मिळेल?’ असा साधा, सभ्य ईमेल विभागप्रमुखांना पाठवा. त्याचे उत्तर आले तरी पुरावा आहे आणि न आले तरी. कंपनीची गोपनीय कागदपत्रे मात्र घरी नेऊ नका.

समितीची चौकशी सुरू असताना त्या वरिष्ठांची किंवा तुमची बदली, अथवा तीन महिन्यांपर्यंतची जादा रजा तुम्ही लेखी मागू शकता. तडजोड फक्त तुमच्या विनंतीवरूनच होऊ शकते, आणि पैशांच्या मोबदल्यात ती करता येत नाही. त्यामुळे कोणी ‘मिटवून टाका’ म्हणून कागद पुढे केला तर सही करू नका. राजीनामा मागितला तरी लिहून देऊ नका. तक्रारीनंतर लगेच प्रोबेशन संपवले गेले, तर त्या दोन तारखांमधील अंतर हाच सूडबुद्धीचा महत्त्वाचा पुरावा ठरेल. वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

समितीकडे तक्रार करण्याची मुदत घटनेपासून, आणि घटना एकामागून एक घडल्या असतील तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिने असते. ती वाढवून मिळू शकते, पण तुम्ही त्यावर विसंबू नका. दोन्ही अर्ज याच आठवड्यात, आधारवरील नावाने, प्रमाणपत्राची प्रत जोडून द्या आणि तुमच्याकडील प्रतीवर शिक्का, सही व तारखेसह पोच घ्या. पोच नाकारली, तर त्याच दिवशी टपाल कार्यालयातून स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती वहीत चिकटवून ठेवा.