मॅडम, नाव लिहून घेता का?

एक प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच आणि तो नेहमी मित्राचाच असतो. "मॅडम, म्हणजे माझ्या मित्राला विचारायचंय, सरकारी हॉस्पिटलात फुकट कंडोम मिळतात ना, तर ते घेताना नाव लिहून घेतात का? घरी फोनबिन जातो का?" नाही रे बाबा. नाव नाही, आधार नाही, लग्न झालंय का हेही कोणी विचारत नाही. डबा असतो, हात घालायचा, हवे तेवढे घ्यायचे आणि निघायचं. इतकं सोपं आहे असं मी कितीतरी वर्षं पोरांना सांगत होते. मग मागच्या जूनमध्ये एक मुलगा आला आणि ते तितकं सोपं नाहीये हे मलाच कळलं. (त्याला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.)

मी नवी मुंबईतल्या एका सरकारी हॉस्पिटलात आयसीटीसीला समुपदेशक आहे, म्हणजे एचआयव्हीची तपासणी जिथे फुकट होते ती खोली. मुलगा वीस वर्षांचा, राहायला घणसोलीला, कामाला महापेला. सकाळी केसपेपरची लाईन सुद्धा सुरू झाली नव्हती तर हा दारात हेल्मेट घेऊन उभा. आत येऊन बसला आणि पाच मिनिटं नुसती हेल्मेटची काच वर-खाली. आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात की समोरचा गप्प असला तर आपणही गप्प बसायचं, ते जमायला मला फार वर्षं लागली, पण त्या दिवशी जमलं. शेवटी तोच म्हणाला, "मॅडम, काल रात्री फाटला."

कुठे ठेवलेला? ॲक्टिव्हाच्या डिकीत. कधीपासून? शिमग्याच्या आधीपासून. म्हणजे अख्खा एप्रिल-मे तो डिकीत शिजला, वर आणि यांनी थोडं खोबरेल तेल लावलेलं. आता खोबरेल आपल्याकडे केसांपासून भाजल्यापर्यंत सगळ्याला चालतं, पण कंडोमच्या रबराला नाही चालत, तेलाने ते काही मिनिटांतच कमजोर पडतं. चिकटपणा हवाच असेल तर पाण्यावर बनलेली जेल घ्यायची. आणि एकावर एक दोन घातले तर डबल सेफ असंही काही नसतं, घासून दोन्ही फाटायची शक्यता उलट वाढते. हे त्याला सांगितल्यावर म्हणतो कसा, "मॅडम, तो प्लॅन पुढच्या वेळचा होता."

मी म्हणलं अरे पण इतका जपून का ठेवलास, काय सोनं आहे का ते? तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. गल्लीतला केमिस्ट वडलांच्या गणपती मंडळातला. म्हणून हा ट्रेनने ठाण्याला जायचा, स्टेशनबाहेरच्या दुकानात. पहिल्यांदा गेला आणि विक्सच्या गोळ्या घेऊन परत आला, दुसऱ्यांदाही विक्स, तिसऱ्यांदा शेजारी एक बाई उभी होती मग क्रोसिन घेतली, चौथ्यांदा कुठे ते पाकीट मिळालं. मला हसू आवरेना, तोही हसला, आणि मग म्हणाला, "तुमच्याकडे पण आलो होतो की मॅडम. दोनदा."

आमच्याकडे! आमच्या कॉरिडॉरमध्ये डबा आहे, छान पोस्टरबिस्टर लावलेला, आणि त्याच्या बरोब्बर समोर बाकडं, ज्यावर रक्त तपासायला आलेले वीस नातेवाईक दिवसभर बसलेले असतात. हा डब्याजवळ गेला तर बाकावरची एक आजी म्हणाली, "बाळा, फुकट वाटतायत का रे काही? मला पण दे दोन." संपलं. तो जो पळाला तो थेट पार्किंगमध्ये. मी त्या डब्यावरून रोज दहा वेळा जाते आणि तो भरलेला दिसला की मला वाटायचं चला, स्टॉक आहे.

असो, त्या दिवशी आधी घाईचं काम होतं. रात्रीचे अकरा ते सकाळचे दहा, म्हणजे अकराच तास झालेले. दिवस राहू नयेत म्हणूनची इमर्जन्सी गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते आणि जितकी लवकर तितकी बरी. मी विचारलं, तिला सांगितलंस का? "नको मॅडम, तिला टेन्शन येईल." इथे मात्र मी जरा चिडले, खरं तर चिडू नये पण चिडले. गोळी तिने घ्यायची, पाळी तिची चुकणार, आणि टेन्शन येईल म्हणून तिलाच सांगायचं नाही? त्याने बाहेर जाऊन फोन केला, आत आला तो चेहरा उतरवून. "ती पण रात्रभर जागीच होती."

ती ठाण्याला कॉलेजात, त्याच्याच वयाची. दुपारपर्यंत वाशी लोकलने आली सुद्धा. तिचा प्रश्न तयार होता, ही गोळी घेतली की पुढे मूल होत नाही म्हणतात ते खरं का? खरं नाही. गोळी मुख्यतः बीज बाहेर पडणं लांबवते, गर्भ राहिलेला असेल तर तो पाडत नाही आणि पुढच्या दिवस राहण्यावर तिचा काही परिणाम होत नाही. पण दर वेळचा उपाय म्हणूनही ती नाही, त्यासाठी कंडोम किंवा रोजच्या गोळ्या. दोन तासांत उलटी झाली तर परत घ्यायची, पाळी आठवडाभर लांबली तर तपासणी करायची. हे सगळं आमच्याच कुटुंब नियोजनच्या टेबलवर फुकट मिळतं, गर्भ तपासणीचं निश्चय किट सुद्धा.

मग एचआयव्ही. दोघांचं एकमेकांशिवाय आधी कोणाशी काही नव्हतं म्हणजे धोका तसा फार कमी, पण त्याने रात्रभर गुगल केलेलं त्यामुळे त्याच्या डोक्यात तो झालेलाच होता. इथे नावाचा प्रश्न परत आला आणि इथे मी खोटं बोलत नाही, तपासणीसाठी फॉर्म भरावा लागतो, त्यात नाव-वय असतं. फक्त तो कागद आमच्या खोलीच्या बाहेर जात नाही, रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात, आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे मोजके अपवाद सोडले तर संमतीशिवाय ना टेस्ट करता येते ना कोणाला सांगता येते, आईवडलांनाही नाही. आजची निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी परत करायची, कारण नुकतीच लागण झाली असेल तर ती लगेच दिसत नाही. जोडीदाराबद्दल काहीच माहिती नसेल तर मात्र ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठायचा, २८ दिवसांच्या प्रतिबंधक गोळ्या असतात.

एक गोष्ट मी दारातच सांगते, वय अठराच्या आत असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा, लागतो आणि मग काही गोष्टी मला कळवाव्याच लागतात. आधी सांगितलं तर पोरं काय बोलायचं ते ठरवून बोलतात, नंतर कळलं तर परत येत नाहीत. वयात येण्याबद्दलच्या शंका, खाज, पाळी, यासाठी १० ते १९ वयाच्यांना सरकारी मैत्री क्लिनिक आहेत, तिथे नुसतं बोलायला सुद्धा जाता येतं. आणि समोर बसून बोलायची लाजच वाटत असेल तर १०९७ ही सरकारी हेल्पलाइन, फोन फुकट आहे.

जाताना त्याला मूठभर पाकिटं दिली तर तोंड वाकडं. "सरकारी ना, हेही फाटतील." निरोध, म्हणजे हाच सरकारी कंडोम, १९६८ पासून आहे आणि तेव्हापासून हे ऐकतो आहे बिचारा. मी म्हणलं, केरळची एचएलएल ही सरकारी कंपनी निरोध बनवते आणि तीच बाजारात मूड्स विकते, फुकटचा असो की महागाचा, दोघांना औषध कायद्यातले तेच नियम. नीट वापरला तर वर्षभरात शंभरातल्या दोघींना दिवस राहतात, लोक जसा वापरतात तसा वापरला तर तेरा. मधल्या अकरा जणी डिकी, खोबरेल आणि घाईच्या. हे त्याला पटलं, फक्त डिकी या शब्दाला लाजला.

तिची पाळी वेळेवर आली, दोघांच्या टेस्ट दोन्ही वेळेला निगेटिव्ह. पण मला ते बाकडं झोपू देईना. साहेबांकडे गेले, डबा हलवायचाय म्हणलं, तर ते म्हणाले पोस्टरच्या खालीच असायला हवा, वरिष्ठांच्या व्हिजिटला दिसतो. दोन महिने गेले त्यात. शेवटी पोस्टर तिथेच ठेवलं आणि डबा नेला जिन्याखाली, टॉयलेटकडे वळतानाच्या कोपऱ्यात, जिथे कोणीही कशालाही जाऊ शकतं. वरचा बल्ब गेलेला होता तो बदलायला सांगितला, मग वाटलं नको, राहू दे थोडा अंधार.

डबा भरायचं काम आमच्या वॉर्डच्या मामांकडे. पूर्वी महिन्यातून एकदा भरायचे, ते पण धूळ झटकून. परवा केबिनमध्ये आले आणि म्हणाले, "मॅडम, शुक्रवारी गच्च भरलेला, आज बघितला तर तळाला दोन. मागणीचा इंडेंट जरा मोठा टाका ना."