अक्षर ‘वी’चे, नाव वैदेहीचे

प्रश्न : मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते. सध्या बाळंतपणासाठी ऐरोलीला माहेरी आले असून येथेच मला मुलगी झाली. ती आता पंचवीस दिवसांची आहे आणि सव्वा महिना झाल्यावर सासरी बारसे करायचे ठरले आहे. यजमानांना आणि मला ‘वैदेही’ हे नाव फार दिवसांपासून आवडले होते. उत्साहाच्या भरात आम्ही ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगूनही टाकले. तेव्हापासून रोज नवा सल्ला येतो आहे. गुरुजींनी पत्रिकेवरून ‘वी’ हे अक्षर काढून दिले आहे, तेव्हा नाव त्यावरूनच असावे, असे सासूबाई म्हणतात. सीतेचे नाव ठेवले तर वनवास वाट्याला येतो, असे चुलत सासूबाईंचे मत आहे. नणंदबाईंना हे नाव जुने वाटते. आत्याचा मान म्हणून त्यांनी ‘वियारा’ सुचवले आहे, परंतु त्याचा अर्थ कोणालाच सांगता येत नाही. आता तर मलाच ‘वैदेही’ आवडेनासे झाले आहे. कोणाचे ऐकावे? आणि नाव लवकर ठरले नाही, तर जन्मदाखल्याचे काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रातील ‘आता तर मलाच आवडेनासे झाले आहे’ या वाक्यापाशी मी थांबले, कारण खरी अडचण तेथे आहे. कोणतेही नाव पंधरा जणांच्या तोंडून नाके मुरडत ऐकले, तर ते आठवडाभरात शिळे वाटू लागते. म्हणून कोणाचे ऐकावे याआधी, प्रत्येक जण नेमके कशाविषयी बोलत आहे, हे वेगळे करून पाहू.

सासूबाईंचे म्हणणे सर्वांत सहज मार्गी लागण्यासारखे आहे. सत्तावीस नक्षत्रांची प्रत्येकी चार चरणे आणि प्रत्येक चरणाचे एक अक्षर, असा तो जुना हिशेब आहे. त्यात ‘वी’ हे रोहिणीच्या तिसऱ्या चरणाचे अक्षर येते, म्हणजे आपल्या मुलीची रास वृषभ. मात्र हे अक्षर नक्षत्रनावासाठी असते आणि हाक मारण्याचे नाव त्यावरूनच ठेवले पाहिजे, असा आग्रह परंपरेनेही धरलेला नाही. नामकरणाच्या विधीत ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने कुलदेवतेचे नाव, मासनाव, नक्षत्रनाव आणि व्यवहारातले नाव अशी चार नावे लिहिण्याची पद्धत आहे. माझ्या मुलीच्या वेळी तिसरी ओळ माझ्या सासूबाईंनी लिहिली होती. तांदूळ घसरून वेलांटी दोनदा पुसली गेली, तेव्हा त्यांनी गुरुजींना थांबवून ती पुन्हा नीट काढली. ते नाव पुढे पत्रिकेबाहेर कोणी उच्चारले नाही, परंतु ‘ते मी लिहिले आहे’ हे त्या अजून सांगतात. आपणही तिसऱ्या ओळीत ‘वीणा’ आणि चौथ्या ओळीत ‘वैदेही’ लिहावे, आणि तिसरी ओळ सासूबाईंच्या हातून लिहून घ्यावी. त्यांना हे बारशाच्या दिवशी नव्हे, आजच फोन करून सांगावे.

चुलत सासूबाईंची भीती तर्काने जाणारी नाही, कारण ती तर्कातून आलेली नाही. विदेह देशाची राजकन्या म्हणून सीता ही वैदेही, एवढाच त्या नावाचा अर्थ आहे. नावाबरोबर कथेतले भोगही येत असते, तर शापाने शिळा झालेल्या अहल्येचे नाव कोणी मुलीला ठेवलेच नसते. पण 1725 मध्ये चौंडीला जन्मलेल्या मुलीला ते ठेवले गेले आणि त्याच अहिल्याबाई होळकरांनी 1767 पासून 1795 पर्यंत माळव्याचा कारभार पाहिला. हे उदाहरण मी आपल्याला धीर यावा म्हणून देते आहे. चुलत सासूबाईंना ऐकवण्यासाठी नव्हे. त्यांच्याशी वाद घालून उपयोग नाही. मात्र पुढे मुलीला साधा ताप आला, तरी ‘मी तेव्हाच सांगत होते’ हे वाक्य घरात ऐकू येऊ नये, एवढे यजमानांनी त्यांना एकदा, एकट्याने आणि आदराने सांगून ठेवावे. हे काम सुनेने अंगावर घेऊ नये.

नणंदबाईंबाबत थोडे स्पष्ट लिहिते. पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात नाव सांगण्याचा, ‘कुर्र’ करण्याचा आणि पाठीत धपाटे खाण्याचा मान आत्याचाच असतो, आणि तो कोणी हिरावून घेऊ नये. परंतु नाव सांगणे वेगळे आणि नाव निवडणे वेगळे. घरात लाडाने हाक मारायचे नाव त्यांना ठेवू द्यावे. ते हवे तितके नवे असले तरी बिघडत नाही. ‘वैदेही’ जुने आहे, हा आक्षेप मला पटत नाही. ते पुष्कळ मुलींचे असते, असे त्या म्हणाल्या असत्या, तर ते मान्य करावे लागले असते. वर्गात आणखी एक वैदेही निघण्याची तयारी आपण ठेवावी. उलट ‘वियारा’ नाव असलेल्या मुलीला आयुष्यभर प्रत्येक खिडकीवर ते दोनदा सांगावे लागेल आणि तिसऱ्यांदा त्याचा अर्थही सांगावा लागेल.

नाव आयुष्यभराचे असते, ही गोष्ट मुलींच्या बाबतीत तशी नवीच आहे. आपल्याच जिल्ह्यात, कल्याणला, 1865 मध्ये जन्मलेल्या यमुनेचे नाव लग्नानंतर आनंदी झाले आणि 1886 मध्ये वैद्यकीय पदवी मिळाली ती आनंदीबाई जोशी या नावाला. आज पाळण्यातले नावच पदवीवर आणि पारपत्रावर जाते. शिवाय 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांची नावे आपल्या राज्यातील शासकीय कागदपत्रांत बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहिली जातात. तेव्हा हे चारही शब्द सलग मोठ्याने म्हणून पाहावेत. जीभ कोठे अडखळली, तर ते कोणत्याही नातेवाइकाच्या मतापेक्षा अधिक गांभीर्याने घ्यावे.

राहिला प्रश्न आपल्या स्वतःच्या मनाचा. पुढचे आठ दिवस ग्रुपवर नावाचा विषय काढू नये आणि कोणी काढल्यास ‘बारशाला कळेलच’ एवढेच उत्तर द्यावे. या दिवसांत तेल लावताना, न्हाऊ घालताना, धुरी देताना बाळाला ‘वैदेही’ म्हणूनच हाक मारावी. यजमानांनीही फोनवर तिची चौकशी त्याच नावाने करावी. रात्री दोन वाजता ती रडत उठली आणि अर्धवट झोपेत आपल्या तोंडी तेच नाव आले, तर ते तिचे झाले असे समजावे. आठ दिवसांनंतरही ते परके वाटले, तर खुशाल सोडावे. परंतु मग ते आपल्याला पटले नाही म्हणून सुटलेले असेल, चुलत सासूबाईंच्या भीतीने नव्हे.

जन्मदाखल्याची घाई नाही. जन्माची माहिती 21 दिवसांत द्यावी लागते आणि प्रसूती रुग्णालयात झाली असल्यास ते काम रुग्णालयच करते. आपली नोंद झाल्याची खात्री तेवढी करून घ्यावी. त्या वेळी नावाचा रकाना कोरा राहिला तरी चालतो. नोंदणीपासून 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. जन्म ऐरोलीत झाला असल्याने अर्ज नवी मुंबई महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात करावा लागेल, ठाण्यात नव्हे. मात्र बारसे झाल्यावर उगीच महिने घालवू नयेत, कारण 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार आणि पारपत्र या सगळ्यांसाठी जन्मदाखलाच जन्माचा पुरावा मानला जातो. एकदा चढलेले नाव दुरुस्त करून घेणे अत्यंत कटकटीचे असते. म्हणून ‘वैदेही’च्या शेवटी इंग्रजीत एक ‘आय’ लिहायचा की दोन ‘ई’, हे आपण दोघांनी अर्ज भरण्यापूर्वी कागदावर लिहून ठरवावे, आणि तो कागद ग्रुपवर टाकू नये.