बॅकलिंकला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: पायथन या प्रोग्रामिंग भाषेची एक लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरून संकेतस्थळाची लोकप्रियता आणि बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या संकेतस्थळावरून आपल्याकडे येणारा दुवा, तपासणारा छोटा प्रोग्राम लिहिला आहे. पडद्यावरचे शब्द मराठीत हवेत, तर बॅकलिंकला 'मागचा दुवा' किंवा 'प्रतिदुवा' चालेल का?

माझ्या मते दोन्ही नकोत. ब्राउझरमध्ये 'मागे' म्हणजे आधी पाहिलेलं पान, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे. 'मागचा दुवा' वाचून तेच मनात येणार. 'प्रतिदुवा' तर त्याहून फसवा. प्रत्युत्तर, प्रतिटोला यांतल्या 'प्रति'मध्ये परतफेड आहे. तुम्ही माझा दुवा दिलात म्हणून मी तुमचा दिला, अशा देवाणघेवाणीला तो शोभेल. बॅकलिंक मात्र दुसऱ्याने आपणहून दिलेली असते, बहुतेकदा तुम्हाला न विचारता.

मी 'आवक दुवा' सुचवेन. ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत आवक-जावक नोंदवही सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेरून आलं ते आवक. शिवाय तुमच्या पानावरून बाहेर जाणाऱ्यांना 'जावक दुवे' हे नाव आपसूक मिळतं. मराठी विकिपीडियाने याच यादीला 'येथे काय जोडले आहे' म्हटलं आहे. बटणावर ते फार छान वाटतं, पण तक्त्याच्या रकान्याला नाम लागतं. 'लायब्ररी' तशीच राहू द्या, प्रोग्रामर मंडळी तेच बोलतात.

खरी अडचण 'लोकप्रियता' या शब्दाची आहे. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांच्या स्टॅनफर्डमधल्या शोधयंत्राचं पहिलं नावच 'बॅकरब' होतं. पानांना गुण देणारी त्यांची पद्धत, पेजरँक, आवक दुवे आणि ते देणाऱ्या पानांचं वजन पाहते. किती माणसं आली, हे नाही. संकेतस्थळांची क्रमवारी लावणाऱ्या अलेक्साचा (बोलणारी अलेक्सा नव्हे) क्रमांक भेटींच्या अंदाजावर ठरायचा. दोन्हींवर 'लोकप्रियता' लिहिलंत तर वाचणारा फसेल. एकाला 'दुव्यांचं वजन' म्हणा, दुसऱ्याला 'भेटींनुसार क्रमांक'.

लायब्ररी जुनी असेल तर हे दोन्ही आकडे येणारच नाहीत: गूगलने पेजरँक सर्वांना दाखवणं २०१६ मध्ये थांबवलं, अलेक्साची ही क्रमवारीची सेवा १ मे २०२२ रोजी बंद झाली. अशा वेळी रकान्यात शून्य छापू नका. शून्य म्हणजे मोजलं आणि काही सापडलं नाही. तिथे 'माहिती उपलब्ध नाही' हवं.

आणि एकाच ब्लॉगच्या तळपट्टीतला दुवा त्याच्या प्रत्येक पानावर मोजला जातो, म्हणून नुसतं '१२० आवक दुवे' न लिहिता '१२० आवक दुवे, ९ संकेतस्थळांवरून' असं लिहा.