साहेब सगळ्यांवरच ओरडतात का?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळी बरीच पत्रं एकाच गोष्टीभोवतीची आहेत : समोरचा उद्धट वागतो, पण ते बाई म्हणून, की तो सगळ्यांशीच तसा वागतो?

प्रश्न : नाशिकजवळच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे. विभागात दहा जण, त्यात आम्ही दोघी. साहेब फार टाकून बोलतात. आम्हा दोघींवर त्यांचा विशेष राग आहे असं वाटतं. बाकीचे म्हणतात, "त्यांचा स्वभावच तसा, मनावर घेऊ नका." आम्ही उगाच बाई-पुरुष करतोय का?

उत्तर : माणूस तापट असतो आणि त्याचा ताप बायकांवर जास्त निघतो, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्यामुळे "स्वभावच तसा" म्हटल्याने तुमचा प्रश्न सुटत नाही. आधी शब्द बघा. गो-नो गो गेज (माप बसतं की नाही ते तपासायचं साधन) न लावता पार्ट पुढे गेला, रिजेक्शन आलं, म्हणजे माल नापास झाला. एका मुलाला साहेब म्हणतात, "गेज काय शोभेला ठेवलाय? डोकं कुठे होतं?" तीच चूक तुमच्याकडून झाली, की म्हणतात, "घरी पोळ्या लाटायच्या सोडून इथे कशाला येता तुम्ही?" आवाज दोन्ही वेळा तेवढाच चढलेला. पहिलं वाक्य मात्र चुकीवर आहे आणि दुसरं तुमच्या तिथे असण्यावर. पहिल्या वाक्यानंतर तो मुलगा गेज लावायला शिकेल. दुसऱ्यानंतर तुम्ही काय सुधारायचं? कपडे, लग्न, मुलं, पाळी, "बायकांचं डोकं" यांपैकी काही बोलण्यात आलं की वेगळा पुरावा शोधायची गरज उरत नाही. ते बाई म्हणूनच बोललेलं आहे.

शब्द इतके उघड नसतील तर मोजावं लागतं. चार आठवडे एक वही ठेवा. तारीख, वेळ, कोणतं काम, चूक कोणाची, साहेब काय बोलले ते जसंच्या तसं, कोणकोण हजर होतं आणि नंतर काय झालं, एवढं पुरे. नोंद त्याच दिवशी करायची. तीन दिवसांनी आठवून लिहिलेल्या वाक्यात आपला राग मिसळतो. वही घरी ठेवा. कंपनीच्या कॉम्प्युटरवर किंवा मेलवर नको, नोकरी सुटली की तो दरवाजा आधी बंद होतो. "फार अपमान केला" असं लिहू नका, "तुला मोजता येत नाही का, असं अमुक तिघांसमोर म्हणाले" असं लिहा.

इथे बहुतेकांची चूक होते ती अशी, की वहीत फक्त स्वतःवरचं ओरडणं येतं. पुरुष सहकाऱ्यांवर साहेब डाफरले तर तेही लिहायला हवं, नाहीतर तुलना कशाशी करणार? समजा चार आठवड्यांत वीस प्रसंग झाले आणि त्यातले आठ तुम्हा दोघींच्या वाट्याला आले. दहांत दोन म्हणजे माणसांचा वाटा २० टक्के आणि ओरडण्याचा ४०. दुप्पट. तरी लगेच निष्कर्षावर येऊ नका. त्या महिन्यात रिजेक्शन कोणाच्या हातून किती झालं तेही बघा. तुमच्या हातून ४० टक्के झालं असेल तर हे आकडे काहीच सांगत नाहीत. २० टक्क्यांच्या आसपास असेल तर बरंच सांगतात.

तुलनेचा माणूसही नीट निवडा. तुम्ही दोघी कंत्राटी आणि बाकीचे कायम असाल, तर राग कंत्राटी माणसावरचा असू शकतो. तुम्ही नव्या असाल तर तो नवखेपणावरचा असेल. जातीवरून हिणवणारे साहेब बाईलाच आधी धरतात, तेव्हा दोन्ही कारणं एकत्र असतात आणि ती वेगळी काढायचा अट्टहास करू नये. शक्यतो तुमच्याच हुद्द्याचा, तेवढ्याच वर्षांचा, त्याच शिफ्टचा पुरुष तुलनेला घ्या. तसा कोणी नसेल तर वहीत तसं लिहून ठेवा. पुढे कोणी विचारलं तर ते आधीच सांगितलेलं बरं.

आणि शेवटचा रकाना, नंतर काय झालं, तो कधी सोडू नका. खरं चित्र बहुतेक वेळा तिथेच दिसतं. मुलाला झापलं आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर नेऊन खांद्यावर हात ठेवला, दुसऱ्या दिवशी ग्राहकाच्या ऑडिटला पुढे उभं केलं. तुम्हाला झापलं आणि पुढचे आठ दिवस एकही ड्रॉइंग हातात दिलं नाही. ओरडणं सारखं वाटतं, पण एकाला त्यातून घडवलं जातं आणि दुसऱ्याला बाहेर काढलं जातं. ऑडिट, प्रशिक्षण, ओव्हरटाइम, वार्षिक शेरे हे सगळं त्या रकान्यात टिपा.

प्रश्न : पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत टीम सांभाळतो. मी फटकळ आहे, कबूल; पण सगळ्यांशी सारखाच. मीटिंगमध्ये एका सहकारी महिलेचं म्हणणं मी खोडून काढलं तर तिने "हा बायकांना किंमत देत नाही" असं एचआरला सांगितलं. हा माझ्यावर अन्याय नाही का?

उत्तर : असू शकतो. एका प्रसंगावरून असा शिक्का मारणं घाईचं आहे. पण "सगळ्यांशी सारखाच" हेही तुम्ही मोजून म्हटलेलं नाही, आणि या बाबतीत माणसाची स्वतःबद्दलची खात्री फार कच्ची असते.

पुढच्या पाच मीटिंगांमध्ये विश्वासातल्या सहकाऱ्याला एक कागद द्या. तुम्ही कोणाचं वाक्य मध्येच तोडलंत, एवढ्याच रेघा त्याने मारायच्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावण्यांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१५ च्या सत्रात तिथे तीनच स्त्री न्यायमूर्ती होत्या, पण न्यायमूर्तींना मध्येच तोडण्याच्या एकूण प्रसंगांपैकी सुमारे दोन तृतीयांश त्या तिघींच्या वाट्याला आले होते. पद एवढं मोठं असूनही! पुढे तिथल्या सुनावणीत ज्येष्ठतेच्या क्रमाने प्रत्येक न्यायमूर्तीला प्रश्न विचारायची स्वतंत्र संधी देण्यात आली, आणि या बदलामागे असे अभ्यास काही अंशी होते, असं न्यायमूर्ती सोनिया सोटोमायर यांनी २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं. तुमच्या मीटिंगलाही हाच उपाय लागू पडतो : क्रमाने बोलायचं, आणि बोलणाऱ्याचं संपेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं.

दुसरी तपासणी. तुमच्याइतकीच फटकळ बाई टीममध्ये असती तर तुम्ही तिला काय म्हटलं असतं? आपल्या भाषेत कडक बोलणारा पुरुष "स्पष्टवक्ता" होतो आणि बाई "कजाग". कजाग हा शब्द पुरुषाला लावलेला क्वचितच ऐकू येतो. या प्रश्नावर एक गाजलेला खटला आहे. अॅन हॉपकिन्स या प्राइस वॉटरहाउस या अमेरिकी हिशेबनीस संस्थेत होत्या. १९८२ मध्ये भागीदारीसाठी ८८ नावं पुढे आली, त्यात बाई ही एकटीच. भागीदार ६६२ आणि त्यात स्त्रिया फक्त ७. सरकारचं काही कोटी डॉलरचं काम मिळवण्यात तिचा मोठा वाटा होता. हाताखालच्यांशी ती कठोर वागते, ही तक्रारही खरी होती. पण भागीदारी अडल्यावर तिला मिळालेला सल्ला बघा : जरा बायकी चाल, बायकी बोल, मेकअप कर, केस करून घे, दागिने घाल. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये असल्या ठोकळेबाज कल्पनांवरून निर्णय घेणं हा भेदभावच आहे असं मानलं, आणि पुढे तिला भागीदारी मिळाली. ती फटकळ होती की नाही यावर खटला ठरला नाही. तोच फटकळपणा पुरुषाला माफ आणि बाईला नाही, हा मुद्दा होता.

तुमच्या त्या सहकारी महिलेशी बोलायचं असेल तर स्वतःच्या हेतूपासून सुरुवात करू नका. "माझा तसा हेतू नव्हता" हे पहिलं वाक्य झालं की पुढचं सगळं समर्थन वाटतं. "त्या दिवशी तुमचं म्हणणं संपायच्या आत मी खोडलं, ते चुकलं. पुढच्या मीटिंगला तो मुद्दा पहिला घेऊ." एवढं बोला, आणि खरंच पहिला घ्या. तिने एचआरकडे जाण्याचा विषय त्यात काढू नका. तो तिचा हक्क आहे, आणि तुम्ही वरिष्ठ असल्यामुळे तुमचा साधा उल्लेखही तिला धमकीसारखा ऐकू येईल.

प्रश्न : आमच्या वरिष्ठ बाईच आहेत आणि त्या मुलींशी जास्त तुसडेपणाने वागतात. याला काय म्हणायचं?

उत्तर : मोजायची रीत तीच. वागणारी बाई आहे म्हणून ते लिंगभेदातून सुटत नाही. "आम्ही नाही का बाळंतपणं सांभाळून केलं?" हे वाक्य मुलांना ऐकावं लागत नाही, एवढं पुरेसं आहे.

प्रश्न : ठाण्यात कार्यक्रम भरवणाऱ्या कंपनीत आहे. साहेब अत्यंत सभ्य आहेत, कधी आवाज चढवत नाहीत. पण रात्रीचा कार्यक्रम असला की, "तुम्ही नको, रात्र होईल, घरचे काळजी करतील," म्हणून मुलांना पाठवतात. बढतीही त्यांनाच मिळते. हे वाईट वागणं आहे का, हेच कळत नाही.

उत्तर : आहे. आणि गोड बोलण्यात गुंडाळलेलं असल्यामुळे त्याच्याशी भांडणं जास्त अवघड जातं. पीटर ग्लिक आणि सुझन फिस्क या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये लिंगभेदाचे दोन चेहरे मांडले : एक तुच्छतेचा आणि दुसरा मायेचा. मायेच्या चेहऱ्यात बाईला जपलं जातं आणि त्याच वेळी तिच्या वतीने निर्णयही घेतला जातो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२० रोजी सैन्यातल्या स्त्री अधिकाऱ्यांच्या कायम नेमणुकीचा निकाल दिला, तेव्हा सरकारने पुढे केलेले शारीरिक मर्यादेचे आणि घरच्या जबाबदाऱ्यांचे मुद्दे बाईबद्दलच्या रूढ समजुतींवर उभे आहेत, असंच म्हटलं.

तुमच्यासाठी हत्यार जवळच आहे. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था मागतो. निर्णय तुमचा, आणि व्यवस्था करायचं काम मालकाचं. म्हणून साहेबांना मेल करा : "अमुक तारखेच्या रात्रीच्या कार्यक्रमाला माझी संमती आहे. परतीच्या गाडीची सोय कशी असेल ते कळवावं." याला लेखी नकार आला तर त्याचं कारण त्यांना लिहावं लागेल.

प्रश्न : बँकेत गृहकर्जाची चौकशी करायला गेले, तर काउंटरवरच्या माणसाने तुटकपणे "मिस्टरांना घेऊन या" म्हटलं. कर्ज माझ्या पगारावर मागत होते.

उत्तर : अनोळखी माणसाच्या मनात काय आहे ते एका भेटीत कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. शांतपणे विचारा, "सहअर्जदार लागतो असा तुमचा नियम आहे का? दाखवता?" नियम असेल तर तो पुरुष अर्जदारालाही लागू हवा. नसेल तर शाखाधिकाऱ्याला त्याच दिवशी लेखी द्या, वेळ आणि काउंटर क्रमांकासह, आणि पोच घ्या.

प्रश्न : वरिष्ठ बायकांना घालूनपाडून बोलतात, पण "तसलं" काही करत नाहीत. अंतर्गत समितीकडे जाता येईल का?

उत्तर : ही समिती ज्या कायद्याने नेमली जाते तो कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा नको असलेल्या लैंगिक स्वरूपाच्या वागण्यासाठी आहे. स्पर्श, शरीरसुखाची मागणी, अश्लील शेरे, अश्लील चित्रं दाखवणं आणि अशाच स्वरूपाची इतर शाब्दिक वा निःशब्द वर्तणूक त्यात येते. अपमानास्पद वागणूक आणि कामाचं वातावरण दहशतीचं करणं यांचाही उल्लेख आहे, पण अशा लैंगिक वागण्याशी जोडून. म्हणून "तुम्हाला अक्कल नाही" एवढ्यावर समितीकडे गेलात तर तक्रार तिथेच अडेल. तिची जागा सेवा नियम, स्थायी आदेश (कारखान्यातल्या नोकरीच्या अटींचे मंजूर नियम), एचआर किंवा युनियन. "हल्ली फार नटून येता, कोणासाठी?" हे मात्र समितीचं काम आहे. दोन्ही प्रकार मिसळलेले असतील, आणि बहुधा तसंच असतं, तर तक्रारीत लैंगिक शेऱ्यांचे प्रसंग आधी, तारखांसह मांडा. बाकीचा पाणउतारा त्यानंतर.

मुदत सांभाळा. शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची असते. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तक्रारीच्या सहा प्रती, कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं लागतात. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. त्या काळात बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची रजा लेखी मागता येते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी, किंवा खुद्द मालकाविरुद्ध, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. विनयाचा अपमान करण्याच्या हेतूने शब्द उच्चारले किंवा हावभाव केले तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७९ आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचं. तिथे हेतू सिद्ध करावा लागतो.

"पुरावा कमी पडला तर खोटी तक्रार म्हणून तुझ्यावरच येईल" अशी भीती घातली जाते. २०१३ च्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलंय, की केवळ तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई होत नाही. तिने खोडसाळपणे तक्रार केली होती हे वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावं लागतं. घाबरवणाऱ्याला हे कलम वाचायला द्या.